मनपाच्या वाहनतळावरचे खड्डे : वरून डांबर ओतण्याआधी खाली काय आहे ते बघायला हवं

रानजाई
४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, पण विषय रोजच्या त्रासाचा आहे आणि इथे बांधकामातली जाणती माणसं आहेत, म्हणून लिहायला घेतला.

आमच्या शहरात मंडईच्या मागे मनपाच्या मालकीचं वाहनतळ आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हीच अवस्था मी आणखी तीन गावांत पाहिली आहे. जागा साधारण ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद. एका बाजूला चारचाकी, दुसऱ्या बाजूला दुचाकी, मागच्या कोपऱ्यात करंजाची तीन जुनी झाडं. पहाटे तिथे भाजीचे टेम्पो लागतात आणि रात्री कचऱ्याची गाडी वळते. म्हणजे कागदावर नुसतं पार्किंग असलं तरी जमीन बरंच ओझं सोसते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझे सासरे तिथे पडले. गाडीतून उतरताना पाय ठेवला तिथे पाणी होतं, पाण्याखाली खड्डा. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. वय ७४. आता बरे आहेत, पण मंडईत यायचं नाव काढत नाहीत. भाजी स्वतः निवडून आणणं हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात आवडीचा भाग होता.

तक्रार केली. पथ विभाग म्हणाला, हा रस्ता नाही, आमच्या यादीत नाही. मालमत्ता विभाग म्हणाला, जागा आमची, पण देखभाल ठेकेदाराकडे. ठेकेदाराच्या माणसाने करार काढून दाखवला: त्याच्याकडे पावत्या फाडणं आणि झाडलोट, एवढंच. तिघांचंही आपापल्या परीने बरोबर, आणि खड्डा आहे तिथेच.

मग मी एक केलं. गेल्या रविवारी पाऊस थांबल्यावर दोन तासांनी, रंगीत खडू आणि कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेऊन तिथे गेले. जिथे अजून पाणी साचलेलं होतं त्या प्रत्येक डबक्याच्या कडेने खडूची रेघ ओढली आणि मधोमध पट्टी उभी धरून खोली मोजली. सतरा डबकी निघाली. सगळ्यात खोल नऊ सेंटिमीटर, पैसे भरायच्या खोपटाच्या अगदी समोर. कागदावर नकाशा काढला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. सतरापैकी बारा डबकी गेल्या वर्षी जिथे डांबराचे तुकडे टाकून 'दुरुस्ती' झाली होती त्याच जागी आहेत. गेल्या वर्षीचे फोटो माझ्याकडे आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

आता कळलंय की पूर्ण वाहनतळावर 'कारपेट', म्हणजे डांबराचा नवा पातळ थर, टाकायचं अंदाजपत्रक तयार होतंय. मला भीती वाटते की नवं कारपेटही दोन पावसाळ्यांत असंच जाईल. नागरिक म्हणून आम्ही नेमकं काय मागायचं?

---

पेठेतला
४ ऑगस्ट, रात्री १०.१५

पुण्यातला जंगली महाराज रस्ता आठवा. रेकॉन्डो कंपनीने केला, १९७६ साली वाहतुकीला खुला झाला, दहा वर्षांची हमी होती आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं त्याला हात लावावा लागला नाही. म्हणजे आपल्याकडच्या पावसात टिकाऊ काम होऊ शकतं. लेखी हमी घ्या.

---

मुरूमखडी
५ ऑगस्ट, सकाळी ७.०५

रानजाई ताई, तुम्ही खडूने जे केलंत ते कित्येक साइटवर कनिष्ठ अभियंतासुद्धा करत नाही. तो नकाशा जपून ठेवा, अंदाजपत्रकाला जोडायला लावा. मी बावीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली, आधी सुपरवायझर म्हणून, नंतर साइट इंजिनिअर म्हणून. जरा सविस्तर लिहितो.

डांबरी पृष्ठभागाचा पहिला शत्रू पाणी. गाडीचा क्रम त्याच्या नंतर. पाणी वरच्या भेगेतून खाली खडीच्या थरात जातं, तिथली बारीक माती ढिली करते, वरून चाक गेलं की तो चिखल भेगेतून वर फेकला जातो. पाऊस उघडल्यावर भेगांच्या कडेला पिवळट राखाडी गाळ सुकलेला दिसला तर समजा, खालचा पाया निघून चाललाय. त्या जागी वरून कितीही डांबर ओता, ते पोकळ जागेवर ओतताय.

वाहनतळाचं दुखणं रस्त्यापेक्षा थोडं वेगळं असतं. एक म्हणजे उतार. रस्त्याला मध्ये उंची आणि दोन्हीकडे उतार देणं सगळ्यांच्या सवयीचं आहे. वाहनतळ म्हटलं की 'मैदान' समजून सपाट करतात. तुमच्या ४० मीटर रुंदीत कडेच्या गटारापर्यंत निचरा व्हायचा तर मध्यापासून प्रत्येक बाजूला २० मीटर अंतर येतं. दर ५० ला १ उतार धरला तरी मध्य कडेपेक्षा ४० सेंटिमीटर उंच हवा. तुमच्याकडे तो किती आहे? एक पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन टोकांना धरली की कुणालाही मोजता येतो, गवंडी रोज करतात. माझा अंदाज, दहा सेंटिमीटरही नसेल.

दुसरं, उभ्या गाडीचं तेल. इंजिन ऑइल आणि डिझेल डांबराला विरघळवतं. ठरावीक जागी रोज गाडी उभी राहिली की तिथली खडी सुटी होते, बोटाने उचलता येते. तिसरं, उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवणं. चाक जागच्या जागी पिळलं जातं आणि वरचा थर उपटतो. चौथं, दुचाकीचा साइड स्टँड. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तो रुपयाएवढ्या टोकावर गाडीचा भार घेऊन डांबरात रुततो. तो बारीक खड्डा जूनमध्ये पाणी धरतो.

आता दुरुस्ती. खड्डा नीट बुजवायचा क्रम असा आहे आणि तो कुठल्याही मुकादमाला माहीत असतो, फक्त करवून घ्यावा लागतो. खड्ड्याच्या भोवती जिथपर्यंत डांबर हललेलं आहे तिथपर्यंत कटरने चौकोन कापायचा. कडा सरळ उभ्या हव्यात, बशीसारख्या निमुळत्या नकोत. निमुळत्या कडेला डांबराचा पातळ पापुद्रा राहतो आणि तोच पहिला उडतो. आतला चिखल, ढिली खडी सगळं बाहेर. पाया ओला असेल तर तोही काढून कोरडी खडी भरून ठोकायची. मग तळाला आणि चारही कडांना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारायचं. इथे एक बारकावा आहे. इमल्शन मारल्या मारल्या तपकिरी दिसतं, कडक चहासारखं. त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. ते काळं होईपर्यंत थांबायचं. नव्याण्णव टक्के ठिकाणी कुणी थांबत नाही, तपकिरी असतानाच माल टाकतात आणि मग तो थर खालच्याला धरत नाही.

गरम माल टाकताना व्हीजी-३० (रस्त्यांना नेहमी वापरतात त्या दर्जाचं) डांबर असेल तर पसरताना माल किमान १४० अंश आणि रोलर फिरून संपेपर्यंत किमान ९० अंश हवा. प्लँट चाळीस किलोमीटरवर असेल, ट्रक ताडपत्रीशिवाय आला असेल, तर माल साइटवर पोचेपर्यंत मेलेला असतो. खिशात मावेल असा धातूचा थर्मामीटर मिळतो. ट्रक आला की मालात खुपसून बघायचा. भर पावसाळ्यात गरम माल टाकूच नये. त्या दिवसांत तयार थंड माल पोत्यांतून मिळतो, त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ११६ हे मानक २०१४ पासून आहे. पण तो तात्पुरता इलाज, ऑक्टोबर उजाडेपर्यंत.

पण ताई, तुमच्या सतरा डबक्यांना माझ्या मते ही दुरुस्तीही पुरणार नाही. आधी एक चर खणून बघा. तीन ठिकाणी, फूटभर रुंद, दोन फूट खोल. एक चांगल्या जागी, दोन खराब जागी. खाली काय निघतं त्यावर पुढचं सगळं ठरेल. अंदाजपत्रक त्याच्यानंतर करायचं असतं.

---

चाकोरी
५ ऑगस्ट, दुपारी १२.३०

मी चाकाची खुर्ची वापरते. खड्ड्यांच्या चर्चेत एक मुद्दा नेहमी सुटतो म्हणून लिहिते. आमच्या इथल्या वाहनतळावर राखीव जागा आहे, पिवळा रंग आहे, खुर्चीचं चित्रही आहे. पण ती जागा सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, पाणी काढायच्या लोखंडी जाळीला लागून. जाळीच्या पट्ट्या खुर्चीच्या पुढच्या चाकाच्या दिशेने उभ्या. माझं पुढचं छोटं चाक त्यात अडकून मी दोनदा पुढे फेकली गेले आहे. पट्ट्या आडव्या असत्या तर चाक सहज गेलं असतं. पैसे तेवढेच लागले असते.

२०२१च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत राखीव जागेची रुंदी ३६०० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता येते. सगळं वाहनतळ उकरणारच असतील तर त्याच वेळी ही जागा वरच्या, कोरड्या बाजूला आणि प्रवेशाजवळ हलवायला सांगा. नंतर कुणी हात लावत नाही.

रानजाई, तुमच्या सासऱ्यांना लवकर पुन्हा मंडईत जाता येवो.

---

रानजाई
५ ऑगस्ट, दुपारी १.१०

चाकोरी, आत्ता जेवायच्या सुट्टीत जाऊन पाहून आले. आमच्याकडेही जाळीच्या पट्ट्या तशाच उभ्या आहेत, फाटकाजवळ. इतकी वर्षं तिथून स्कूटर नेते, कधी लक्षातच आलं नाही. मागणीत घालते.

---

नागपूरकर_स
५ ऑगस्ट, रात्री ८.५०

मुरूमखडी दादांना एक पुरवणी. खाली काळी माती असेल तर खेळच बदलतो. आमच्याकडे विदर्भात ती सगळीकडे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच हालचाल वाहनतळाखालीही चालू असते. काळी माती काढून त्या जागी चांगला मुरूम दाबून भरणं, किंवा निदान मातीत चुना मिसळून तिचा फुगवटा मारणं, हे केल्याशिवाय वर काहीही टिकत नाही. आमच्या सोसायटीसमोरच्या मैदानात पेव्हर ब्लॉक बसवले होते. दोन वर्षांत लाटा आल्या. ब्लॉक एकही फुटला नव्हता, खालची जमीनच वरखाली झाली होती.

---

कातळसडा
६ ऑगस्ट, सकाळी ९.२०

कोकणातून. आमच्याकडे जांभा, त्यामुळे काळ्या मातीचा त्रास नाही, पण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. इथला अनुभव सांगतो : वाहनतळाभोवतीचं गटार आधी साफ आणि खोल करा. आमच्या बाजारातल्या वाहनतळावर दर दोन-तीन वर्षांनी कारपेटवर कारपेट चढत गेलं. प्रत्येक थर २५-३० मिलिमीटर. चार थर झाले तेव्हा जमीन चार इंच वर आली, पण चेंबरची झाकणं जुन्याच उंचीला. म्हणजे प्रत्येक झाकण हाच एक चार इंची चौकोनी खड्डा. आणि पाणी उलट शेजारच्या दुकानांत शिरायला लागलं. जुना थर मशिनने खरवडून काढून मग नवा टाकायचा ही अट घाला. खरवडलेला माल वायाही जात नाही, खालच्या थरात पुन्हा वापरता येतो.

---

पावतीवाला
६ ऑगस्ट, रात्री ११.४५

मी एका वाहनतळावर पावत्या फाडायचं काम करतो, सहा वर्षं झाली. कोणत्या शहरात ते सांगत नाही. लोक खड्ड्याबद्दल सगळ्यात आधी आम्हालाच बोलतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्ही रोज बारा तास तिथे उभे असतो त्यामुळे खड्डा जन्माला येताना बघतो. सुरुवात नेहमी तीन जागांपासून होते. फाटकाजवळ, कारण तिथे प्रत्येक गाडी ब्रेक मारते आणि परत उचलते. पाण्याच्या टाकीचा पाइप जिथून गेलाय तिथे, कारण पाइपासाठी खणलं आणि माती नुसती ढकलून वर डांबर लावलं. आणि झाडाखाली, मुळांनी उचललं म्हणून. सुरुवातीला तळहाताएवढी जाळी दिसते, बारीक भेगांची. तेव्हा कुणी लक्ष दिलं तर बादलीभर मालात काम होतं. मी साहेबांना दोन वेळा फोटो पाठवले होते. दिवाळीपर्यंत त्यात टायर बसायला लागलं.

मी स्वतः विटांचे तुकडे आणून टाकतो. चूक आहे ते कळतं, आठ दिवसांत त्याचा भुगा होतो. पण गाडी आदळून बाई पडली की आधी धावायचं मलाच असतं. आमच्याकडे एक वही ठेवायला सांगा, खड्डा दिसला की तारीख टाकून लिहायची आणि अधिकाऱ्याने आठवड्याला सही करायची. सही झाली की त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

---

मुरूमखडी
७ ऑगस्ट, सकाळी ६.५०

पावतीवाला दादा, तुम्ही लिहिलेल्या तीन जागा कुठल्याही पुस्तकात याच क्रमाने सापडतील. ती बारीक भेगांची जाळी म्हणजे आमच्या भाषेत मगरपाठ. मगरीच्या पाठीसारखी दिसते म्हणून. ती दिसली की पाया गेलाय समजायचं. एकटी सरळ लांब भेग असेल तर घाबरायचं कारण नाही, स्वच्छ करून गरम सीलंट भरलं की पाणी आत जायचं थांबतं आणि चार-पाच वर्षं निघतात. या दोन भेगांतला फरक ओळखता आला तरी मनपाचे बरेच पैसे वाचतील. सरळ भेगेवर कारपेट टाकणं उधळपट्टी आहे, आणि मगरपाठीवर कारपेट टाकणं तर पैसे पाण्यात घालणं आहे.

वहीची सूचना मला फार पटली. करारात घालायला हवी.

---

दूरदेशी
७ ऑगस्ट, दुपारी २.०५

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. इथे मोठमोठ्या वाहनतळांवर दर काही वर्षांनी काळा लेप मारायची पद्धत आहे, ऊन-पाण्यापासून डांबर वाचावं म्हणून. तसा लेप आता भारतातही विकला जातो, म्हणून एक सावधगिरी सांगतो. हा लेप दोन प्रकारचा असतो. एक पेट्रोलियमपासूनच्या डांबराचा, दुसरा कोळशाच्या डांबराचा. दुसऱ्यात कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं खूप जास्त असतात. तो लेप झिजून धूळ होतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातो. ऑस्टिनच्या ओढ्यांतल्या गाळात ती रसायनं सापडली, आणि शहराने २००६ मध्ये कोळशाच्या डांबराच्या लेपावर बंदी घातली. अमेरिकेत अशी बंदी घालणारं हे पहिलं शहर.

आपण मराठीत दोन्हीला डांबरच म्हणतो, तिथे घोटाळा होऊ शकतो. डांबरगोळ्यांचा जो वास येतो ना कपाटात, तो कोळशाच्या डांबराच्या कुळातला. लेपाच्या डब्याला तसा झणझणीत वास आला तर तो परत पाठवा. तुमचं पाणी नदीला जात असेल तर नक्कीच.

---

पाणपोई
७ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

करंजाच्या झाडांबद्दल कुणीच लिहिलं नाही. मुळांनी जमीन उचलली म्हणून मुळं तोडायची वेळ येते आणि मग वादळात झाड पडतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या कोपऱ्यात डांबर नकोच. झाडांखाली ब्लॉक आणि मध्ये मोकळी माती ठेवा. मूळ वाढलं तर चार ब्लॉक उचलून परत बसवता येतात, डांबर फोडावं लागतं. सावलीत गाडी लावायची जागाही राहते.

---

मुरूमखडी
७ ऑगस्ट, रात्री ९.१५

बरोबर. आणि ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो, कारण त्यात सगळ्यात जास्त फसवणूक होते.

आयएस १५६५८ हे ब्लॉकचं भारतीय मानक. त्यात हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ दर्जा (काँक्रीटच्या मजबुतीचा आकडा), मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४० सांगितलाय. नुसत्या कार आणि स्कूटर असतील तिथे ६० चालतो. तुमच्याकडे भाजीचे टेम्पो आणि कचरागाडी येते, तिथे ८० लागेल. बसवल्यावर वरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून माल उतरतानाच एक ब्लॉक उभा करून पट्टी लावायची. तुमची ती कंपासपेटीतली पट्टी पुरे.

ब्लॉकखाली वाळूचा थर दाबून झाल्यावर २० ते ४० मिलिमीटर. त्याहून जाड वाळू टाकून खालच्या पायाचे खड्डे भरून काढतात, ते पहिल्या पावसात खचतं. सांधे २ ते ४ मिलिमीटर, आणि ते बारीक कोरड्या वाळूने पूर्ण भरलेले हवेत, कारण एका ब्लॉकचा भार शेजारच्यावर जातो तो त्या वाळूमुळे. शेवटी चारी बाजूंना काँक्रीटची घट्ट कड. कड नसली की बाहेरची ओळ सरकते, तिच्यामागे पुढची, आणि वर्षभरात सगळी मांडणी दात किडल्यासारखी दिसते. वाहनांसाठी मांडणीही माशाच्या काट्यासारखी तिरपी हवी, सरळ ओळींत चाकाच्या दाबाने ब्लॉक पुढे ढकलले जातात.

माझं मत विचाराल तर तुमच्या जागेत फाटक आणि पावती खोपटासमोर काँक्रीट, झाडांखाली ८० चे ब्लॉक, बाकी मध्यभागी डांबर. प्रत्येक जागेचं ओझं वेगळं तसा इलाज वेगळा. सगळीकडे एकच माल टाकायचा हट्ट का असतो ते मला आजवर कळलेलं नाही. मोजमाप सोपं पडतं, एवढंच.

---

वकीलकाका
८ ऑगस्ट, सकाळी १०.४०

माहिती अधिकार अर्ज करा. दहा रुपयांचा मुद्रांक, तीस दिवसांत उत्तर. मागायचं काय तेही लिहितो : गेल्या पाच वर्षांत या वाहनतळावर झालेल्या प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, आणि प्रत्येक कामाचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. गेल्या वर्षीची दुरुस्ती त्या कालावधीत असेल तर ती पुन्हा करून देणं जुन्या ठेकेदारावर बंधनकारक आहे, नव्या पैशांची गरजच नाही.

आणखी एक. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. लोकांना वाटतं फक्त कागद मिळतात. तुम्ही चर खणताना हजर राहण्याची आणि नमुना घेण्याची मागणी याच कलमाखाली करू शकता. कागदाच्या झेरॉक्सपेक्षा ती जास्त मोलाची आहे.

---

मुरूमखडी
८ ऑगस्ट, सकाळी ११.३०

वकीलकाकांच्या यादीत वजनकाट्याच्या पावत्या घाला. हिशेब सोपा आहे. २४०० चौरस मीटरवर ३० मिलिमीटर थर म्हणजे ७२ घनमीटर. दाबलेल्या डांबरी मालाचं वजन घनमीटरला २.३ ते २.४ टन. म्हणजे साधारण १७० टन माल आला पाहिजे. पावत्यांची बेरीज १२० भरली तर थर ३० चा नाहीच. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

---

रानजाई
१९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मंडळी, उशिरा येतेय पण बातमी आहे.

माहिती अधिकाराचं उत्तर चौतिसाव्या दिवशी आलं. गेल्या वर्षीच्या तुकड्यांच्या दुरुस्तीचा दोषदायित्व कालावधी अजून चालू होता. हे तिथल्या टेबलावरही कुणाच्या ध्यानात नव्हतं. आमच्या भागातले नगरसेवकपदाचे दोन इच्छुक, मंडईतले अकरा गाळेधारक आणि मी, असे सगळे मिळून नकाशा घेऊन अभियंत्यांना भेटलो. नकाशा त्यांनी टेबलावर पसरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, याची एक प्रत द्या. दुसऱ्या आठवड्यात चर खणायला माणसं आली.

मी सकाळी सहालाच गेले होते. पहिला चर चांगल्या जागी : वर दोन बोटं डांबर, मग वीतभर घट्ट खडी, खाली मुरूम. पहार मारली तर खणखण आवाज. दुसरा चर खोपटासमोर, त्या नऊ सेंटिमीटरच्या डबक्यात. वर डांबराचे चार थर, एकावर एक, केकसारखे वेगळे दिसणारे, आणि दोन थरांच्या मध्ये अक्षरशः माती. त्याखाली खडी जवळजवळ नव्हतीच. काळा मऊ चिखल, आणि चरात बघता बघता पाणी भरायला लागलं. आठ दिवस पाऊस नव्हता. पाणी येत होतं कुठून? पाइप फुटलेला होता. मंडईच्या टाकीकडे जाणारी जुनी लोखंडी नळी, सांध्यातून बारीक धार. कदाचित कित्येक वर्षं.

पावतीवाला दादा, तुम्ही लिहिलं होतं पाइपाजवळ. तेव्हाच तुमचं वाक्य आठवलं.

अभियंते चराच्या काठावर उकिडवे बसले, चिखल हातात घेऊन दाबला. अंदाजपत्रक मागे घेतलं. म्हणजे आम्ही उगाच भीत नव्हतो. त्या पाइपावर नवं कारपेट चढणार होतं.

---

वकीलकाका
२० नोव्हेंबर, सकाळी ९.००

अभिनंदन. जाता जाता : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आहे. निकाल रस्त्यांबद्दल आहे. पण पुढच्या पत्रात त्याचा उल्लेख करा, आणि सासऱ्यांचे उपचाराचे कागद फायलीत ठेवा.

---

चाकोरी
२० नोव्हेंबर, दुपारी १.४०

जाळीचं काय झालं?

---

रानजाई
१४ जून, सायंकाळी ७.३०

काम फेब्रुवारीत सुरू झालं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. पाइप बदलला. खोपटासमोर आणि फाटकात काँक्रीट, झाडांखाली ब्लॉक. ब्लॉकचा पहिला ट्रक ६० चा आला होता. मी पट्टी लावली, गाळेवाल्या काकांनी फोटो काढला, ट्रक परत गेला. मधल्या भागात जुना थर खरवडून नवा टाकला. वजनाच्या पावत्यांची बेरीज अभियंत्यांनी स्वतःहून दाखवली. उतार मात्र पूर्ण मिळाला नाही, मध्याला २२ सेंटिमीटरच उंची आली, कारण शेजारच्या गटाराचा तळच वर आहे. गटाराचं काम पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेतलंय म्हणतात, त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही. वही सुरू झाली आहे. तीन नोंदी आहेत, दोनवर सही.

काल पहिला मोठा पाऊस झाला. दोन तासांनी खडू घेऊन गेले. डबकी पाच, सगळी गटाराच्या बाजूला, सगळ्यात खोल दीड सेंटिमीटर. नवा नकाशा काढून ठेवलाय.

चाकोरी, जाळी बदलली. पट्ट्या आडव्या आहेत आणि राखीव जागा आता प्रवेशाजवळ, वरच्या बाजूला आहे. नाना, म्हणजे माझे सासरे, काल माझ्याबरोबर आले होते. गाडीतून उतरायच्या आधी त्यांनी काठीने जमीन ठोकून पाहिली, मग उतरले. भोपळा त्यांनीच निवडला.